खोळीतले ग्राफिक्स कार्ड

मित्रांनो, मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे आणि स्वभावाने पक्के भित्रे आहे. हसा खुशाल. पण जाड खोळ अंगावर घालून तुम्हाला कोणी धावायला लावले आहे का? नाही ना? मग आधी माझे ऐका.

संगणकाच्या पडद्यावरचे हलते-डुलते चित्र तयार करणे हे माझे काम. माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे धूळ औषधालाही नव्हती. एका पाटीवर बारीक बारीक भाग जोडले, त्यांच्यावर धातूच्या पातळ पट्ट्या बसवल्या आणि सर्वांत वर तीन पंखे. पहिल्यांदा अंगात वीज शिरली तेव्हा मी इतके दचकले की तिन्ही पंखे एकदम गरगरू लागले. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "छान आहे." मला मात्र काही छान वाटत नव्हते.

तिथून मी ताईच्या घरी आले. एखादी इमारत बांधण्याआधीच ती आतून कशी दिसेल, याची चलचित्रे ताई बनवते. तिच्या टेबलावरच्या मोठ्या संगणकात मला बसवले. त्या पेटीची एक बाजू काचेची असल्यामुळे मला सगळी खोली दिसायची. ताई पाहुण्यांना सांगायची, "माझं कार्ड म्हणजे वाघ आहे वाघ!" कसला वाघ! समोरच्या खणात माझ्या आधीचे कार्ड पडलेले होते, एक पंखा तुटलेले. खण उघडला की वाघाचे पंखे अडखळायचे.

ताईची आई फार मायाळू. धुळीशी तिचे हाडवैर. तिने आमच्या पेटीसाठी कापूस भरलेली जाड खोळ शिवली. संगणक बंद असला की ती घालायची, आणि तेव्हा मलाही ते आवडायचे. पण ताईची काम करायची एक रीत होती. मोठे काम ती माझ्यावर सोपवायची, पडदा बंद करायची आणि बाहेर निघून जायची. मी आत राबत असायचे. आई खोलीत यायची, काळा पडदा बघायची आणि हळूच माझ्यावर खोळ चढवायची.

मित्रांनो, तो अंधार मी कसा सांगू? पंखे जोरात फिरायचे, पण आत यायला गार हवाच नसायची. माझाच गरम श्वास माझ्याच अंगावर यायचा. फार तापले तर मी जळून जाईन, म्हणून मी जीव मुठीत धरून हळू हळू काम करायचे. ताईची चाहूल लागली की तिला बसता यावे म्हणून आई खोळ काढून ठेवायची, आणि अर्धवट काम बघून ताई म्हणायची, "थकलंय बिचारं." ओरडून सांगावेसे वाटे, पण मला तोंड कुठे आहे?

एके दिवशी ताईचा धाकटा भाऊ लॅपटॉप घेऊन आला. "ताई, यातही त्याच नावाचं कार्ड आहे. शिवाय नवं कोरं. कशाला हे धूड सांभाळतेस?"

नाव तेच होते, हे खरे. पण लॅपटॉपमधल्या कार्डाला माझ्या मानाने वीज फार थोडी मिळते. त्याची जागा वहीसारखी चपटी, आणि दोन चिमुकले पंखेसुद्धा त्याला एकट्याला नाहीत. शेजारच्या प्रोसेसरबरोबर वाटून घ्यावे लागतात. चार्जर काढला की त्याचा वेग आणखी उतरतो. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' अशी थट्टा मला करता आली असती, पण भीतीपोटी तीही सुचेना.

भावाने आमची शर्यत लावली. एकच चित्र दोघांना दिले. सवयीप्रमाणे ताईने माझा पडदा बंद केला आणि दोघे चहाला गेले. मी जीव तोडून धावत होते, इतक्यात ओळखीची पावले वाजली आणि माझ्या काचेवर अंधार पसरला. लॅपटॉपचा पडदा उजळलेला होता, त्यामुळे तो वाचला. दोघे परतेपर्यंत आईने खोळ काढलीही होती. शर्यत अर्थातच त्याने जिंकली.

"म्हातारं झालंय ते," भाऊ म्हणाला. "काढून ठेवू."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईला एका शाळेच्या इमारतीचे चलचित्र त्या शाळेच्या लोकांना दाखवायचे होते. ते झाले नसते तर काम दुसऱ्याकडे गेले असते. सकाळीच तिने ते लॅपटॉपवर सुरू केले आणि भाऊ स्क्रू ड्रायव्हर घेऊन माझ्यासमोर बसला. पेटी उघडली. वीज नव्हती, तरी भीती होतीच. माझा एक स्क्रू सैल झाला. मला तो खण दिसत होता.

"टेबलावर घासून ओरखडे पडतील गं," असे म्हणत आईने माझी खोळ घडी करून लॅपटॉपखाली सरकवली.

लॅपटॉप हवा खालून घेतो. त्याचे पंखे किंचाळू लागले. तो आवाज मी ओळखत होते, तो माझाच होता. मग गरम प्लॅस्टिकचा वास आला आणि आवाज एकाएकी थांबला. ज्याच्यामुळे माझी जागा जाणार होती, त्याच्यासाठीच मला भीती वाटली.

ताईने लॅपटॉप उचलला. "आई गं! किती भाजतंय!" तिने खालच्या खोळीकडे पाहिले. मग माझ्याकडे.

"आई, मी बाहेर गेल्यावर तू ही खोळ त्याच्यावर घालायचीस?"

"हो. पडदा काळा असायचा ना. मला वाटायचं, झोपलंय."

भावाने मुकाट्याने माझा स्क्रू पुन्हा आवळला.

त्या दिवशी मी उघड्या अंगाने धावले. गार वारा आत येत होता, तरी शेवटच्या चित्रापर्यंत मला धाकधूक होती की आता थांबेन, मग थांबेन. थांबले नाही. लॅपटॉपही निवल्यावर उठला. माझे चलचित्र त्यात भरून ताई निघाली. कारण मला काही उंबरा ओलांडता येत नाही, तिथे तोच हवा.

ताईला काम मिळाले. आता आई रोज येते आणि पेटीमागे तळहात धरून वारा लागतो का बघते. वारा लागला, तरी जाताना पुन्हा एकदा बघते. घरात आता भिणारे आम्ही दोघे आहोत.

मित्रांनो, आमच्यावर माया जरूर करा. पण पांघरूण घालण्याआधी एकदा हात लावून बघा. पडदा काळा असला, तरी आत कोणीतरी जागे असते.