तुळशीपानाचा शिक्का

माझ्या बारा वर्षांच्या नेमाचं उद्यापन महाशिवरात्रीला व्हायचं होतं. त्याच्या आठ दिवस आधी मला कळलं, की शेवटची दोन वर्षं मी तो नेम पाळलेलाच नव्हता.

नेम साधा होता. चौऱ्याण्णव साली अंबडच्या कारखान्यात ह्यांचा उजवा हात यंत्रात सापडला. हात राहील की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी महादेवाला बोलले, हात राहू दे, बारा वर्षं रोज सोवळ्यात, शुद्ध सुती पातळ नेसून तुझी पूजा करीन. हात राहिला. दोन बोटं वाकत नाहीत, पण चहाचा कप ते त्याच हाताने उचलतात.

पातळही ठरलेलं. मेन रोडवरच्या विश्वेशच्या दुकानात तुळशीपान छापाची पातळं मिळत. काठाच्या आतल्या बाजूला हिरव्या शाईत एवढंसं पान. पहिल्या धुण्याला खळ जाई, दुसऱ्याला ते अंगाचं होई. विश्वेश मला पाहताच म्हणायचा, "काकू, तुमचं पान आलंय." मी कधी दुसरं काही उघडायलाच लावलं नाही. हे चिडवायचे, "तुझे देव दोन. एक पिंडीतला, एक मेन रोडवरचा."

संध्याकाळी पातळ धुवायचं, काठीने उंच दांडीवर टाकायचं आणि सकाळी कुणाचा हात लागायच्या आत काढून नेसायचं. श्रावणात ते कधी वाळत नसे. ओलसरच नेसून मी शिंकत पूजा करायची. दोन हजार चारच्या श्रावणात नवं पातळ काढलं, तर सकाळी खडखडीत कोरडं! दुसऱ्या दिवशीही तसंच. मला भरून आलं. एरवी चार बायकांत तोंड न उघडणारी मी, भजनी मंडळात सांगून बसले, "देव माझं पातळ वाळवून ठेवतो हो."

बायकांनी हात जोडले. महिनाभरात सहाजणींनी तुळशीपान आणलं. शेजारची प्रतिभा मूल व्हावं म्हणून सोळा सोमवार करत होती. तिने सोमवारी नेसायला दोन आणली.

बारा वर्षं बेल-फुलं आणून देणारी मखमलाबादची नवसाबाई. उद्यापनाआधी तिला पातळ द्यावं म्हणून नवंकोरं तुळशीपान तिच्या हातात ठेवलं. तिने त्याचा पदर बोटांत चोळला.

"ताई, राग नका धरू. ह्याच्यात सूत कमी हे."

"असं कसं? शिक्का बघ की."

"शिक्का आसंल. धागा वढून दिव्यावर धरा. सुताची राख व्हती. ह्याची गोळी व्हईल. आमच्या सुनंची वढणी चुलीपाशी अशीच गोळा झाली."

मी धागा ओढला, निरांजनावर धरला. तो आक्रसला, काळा मणी झाला आणि बोटाला चिकटून चटका देऊन गेला. मग माझ्या नेसणीतल्या पातळाचा धागा. तोही मणी. ट्रंकेतल्या नव्व्याण्णवच्या विटलेल्या पातळाची मात्र फुंकर मारताच उडून जाईल अशी राख झाली.

तशीच दुकानात गेले.

"दोन वर्षं झाली, काकू. कंपनीने मिक्स केलं," विश्वेश म्हणाला. "लेबलवर लिहिलंय की."

लेबल! पान दिसलं की लेबल सोलून टाकायची माझी सवय.

"मला एका शब्दाने सांगायचंस रे."

"तुम्हीच तर सगळ्यांना सांगत होतात, किती छान वाळतं म्हणून! किती गिऱ्हाईक आलं तुमच्या नावाने. मला वाटलं, तुम्हाला आवडलं."

घरी ह्यांना सांगितलं तर हे हसले. "अगं, महादेव स्वतः राख फासून बसलेला. तो काय धागे जाळून बघतोय? कुणाला बोलू नकोस. उद्यापन उरकून घे."

देवाशी मी दोन वर्षं वाढवून मिटवून घेतलं असतं. त्याचं ओझं नव्हतं. पण जपाला बसले की प्रतिभा दिसायची. तिचे सोमवार संपून वर्ष उलटलं होतं. कूस उजवली नव्हती. तिला सांगावं, तर तिच्या सोळा सोमवारांवर पाणी. न सांगावं, तर माझ्या खोट्या शब्दावर ती बसून. तीन दिवस एक माळ धड पुरी झाली नाही. दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परतले.

चौथ्या दिवशी मंडळात मी उठून उभी राहिले आणि सगळं सांगितलं. उद्यापन दोन वर्षांनी करणार, हेही सांगितलं.

झुंबरबाई, आमच्यातल्या सगळ्यांत वडील, म्हणाल्या, "म्हणजे देव नव्हे, नायलॉन पावलं होतं म्हणा तुम्हाला!"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले, आणि किती दिवसांनी छाती जरा मोकळी झाली.

प्रतिभा हसत नव्हती.

"काकू, म्हणून माझं नाही का झालं?"

"नाही गं, तसं नसतं—"

"तुम्ही दोन वर्षं वाढवलीत ना? मग माझेही सोमवार धरले गेले नाहीत." तिचे डोळे चमकले. वर्षभरात तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. "म्हणजे देव नाही म्हणालाच नाही! माझं मागणं त्याच्यापर्यंत गेलंच नव्हतं."

कापडाने काही अडत नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. कापडासाठीच तर मी माझं उद्यापन पुढे ढकललं होतं. आणि तिची ती आशा माझ्या हाताने विझवू? की पुन्हा सोळा सोमवार उपाशी राहू देऊ?

"येत्या सोमवारपासून पुन्हा धरते," ती म्हणाली. तिने पर्समधून पेन काढलं, भजनाच्या वहीचं मागचं पान उघडलं. "आता कुठलं पातळ घेऊ? तुम्ही सांगाल ते."

सगळ्या जणी माझ्याकडे बघू लागल्या. दुसऱ्या एका छापाचं नाव माझ्या ओठांवर आलंही होतं.

"मला माहीत नाही गं," मी म्हटलं.

"असं काय हो, काकू? सांगा ना!"

मी मान हलवली. ती पेन धरून तशीच बसून राहिली.