परिवार आपला ऋणी आहे

त्या रविवारी बाबांना एका भांडखोर माणसासाठी चांगला शब्द हवा होता.

ते अंगणातल्या खुर्चीवर बसून संत्री सोलत होते. मी सकाळच्या बसने पांढुर्ण्याहून सौंसरला आले होते. हातपाय धुऊन जरा टेकले, तोच त्यांनी विचारले, "मास्तरीणबाई, जो माणूस जनमभर लोकायच्या अंगावर धावून गेला, त्याले घाटावर काय म्हणाव?"

"स्पष्टवक्ते," मी म्हणाले.

"वा! अन् ज्यानं कोणाले कपभर चहा पाजला नाई?"

"मितव्ययी."

"मितव्ययी." त्यांनी तोंडात घोळवून पाहिले. "नाई जमत. आगीची धग तोंडावर येऊन राहिली अन् मी मितव्ययी म्हणून राहिलो! जीभ भाजन माही. हलकं दे काही."

"साधी राहणी."

"हे झालं काम."

आतून आई म्हणाली, "जिता होता तवा त्याच्या दारावरून जात नोते तुमी. आता पाहा कसे हार गुंफून राहिले."

"तुह्यासाठीही गुंफीन, कलाबाई."

"माह्यासाठी कोणता शब्द ठेवला, ते तरी सांगा."

"तुह्यासाठी मौन ठेवलं. दोन मिनिटं तरी शांतता भेटन मले."

आईने कढईवर सराटा आपटला. आमच्या घरात ते हसण्यासारखेच होते.

आमच्या भागात अग्नी दिल्यावर लोक लगेच उठून जात नाहीत. टिनाच्या शेडखाली बसतात आणि शोकसभा होते. कुणीतरी गेलेल्या माणसाविषयी बोलतो, मग आणखी एकदोघे बोलतात, मग घरच्यांच्या वतीने आलेल्यांचे आभार मानले जातात आणि शेवटी दोन मिनिटे मौन. सौंसरच्या घाटावर ही सभा कितीतरी वर्षे बाबाच चालवत. शिक्षण बेताचे, सगळे आयुष्य बोरगावच्या बाजूच्या संत्र्याच्या बगीच्यात गेलेले. पण तिथे उभे राहिले की त्यांचा आवाज बदलतो, असे लोक सांगत. घरात मले-तुले करणारा माणूस घाटावर 'दिवंगत आत्म्यास' म्हणे. बायका घाटावर जात नसत, त्यामुळे तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला फक्त अंगणातली तालीम माहीत होती.

शब्द मात्र माझे असत. मी शाळेत असतानाच त्यांनी सांगून ठेवले होते, "तू घरी पुस्तकातलं बोलत जाय. मी आइकतो." तेव्हापासून आमचे बोलणे असेच चालत आले. ते त्यांच्या वऱ्हाडीत बोलत, मी पुस्तकी मराठीत उत्तर देई. पुढे मी पांढुर्ण्याच्या शाळेत मराठी शिकवू लागले, तरी ते बदलले नाही. माझा भाऊ गजेंद्र म्हणे, "हे दोघं बोलाले लागले का वाटते, रेडिओ अन् बाजार संगच सुरू झाला."

दुपारी बाबा मला बसपर्यंत सोडायला आले. तिथून ते थेट घाटावर जाणार होते, म्हणून पांढरा सदरा घातला होता. मी खिडकीपाशी बसले. त्यांनी संत्र्यांची थैली आत दिली. यानंतर ते नेहमी एकच वाक्य म्हणत, "पोचली का फोन करजो." मी त्याची वाट पाहत होते.

त्यांनी हात जोडले. छाती थोडी पुढे काढली आणि मला परक्या वाटणाऱ्या, खणखणीत आवाजात म्हणाले, "आपण वेळात वेळ काढून आलात. परिवार आपला ऋणी आहे."

शेजारची बाई वाकून पाहू लागली. "कोण नेताजी होत का?" तिने मला विचारले.

मी बाबांच्या चेहऱ्यावर हसू शोधले. ऊन त्यांच्या पाठीमागून येत होते, मला नीट दिसले नाही. काहीतरी म्हणायला हवे होते. पुस्तकी उत्तर माझ्याकडे नव्हते आणि दुसरे सुचेपर्यंत बस वळली. पुढच्या रविवारी विचारू, असे मनाशी म्हटले आणि एक संत्रे सोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजेंद्रचा फोन आला. तो हिंदीत म्हणाला, "बाबूजी नहीं रहे." गजेंद्र माझ्याशी कधी हिंदीत बोलत नाही, आणि बाबांना बाबूजी तर कुणीच म्हणत नाही. मला वाटले, तो दुसऱ्या कुणाशी तरी बोलतो आहे आणि चुकून फोन मला लागला आहे. मग तो म्हणाला, "उर्वशी, अवं, आइकून राहिली का तू? बाबा बगीच्यात मोटर सुरू कराले गेले होते, तिथंच पडले." तेव्हा मला कळले.

घरी पोचले तेव्हा त्यांना ओसरीत ठेवले होते. लोक येत होते, आईपाशी बसून उठत होते. मीही बसले. रडायला हवे हे मला समजत होते, पण डोक्यात बसपाशी ऐकलेले ते वाक्य फिरत होते. मी वर्गात मुलांपुढे उतारा ठेवते आणि विचारते, लेखकाचा सूर कोणता? खाली चार पर्याय असतात. मुले पेन चावत बसतात. आता माझी तशी गत झाली होती, आणि ज्यांना विचारावे ते समोर झोपले होते.

मी आईला हळूच सांगितले, काल बसपाशी ते असे म्हणाले.

"थट्टा केली असन," आई म्हणाली. "थट्टेशिवाय काय केलं त्या माणसानं." मग तिने तोंडावर पदर घेतला.

गजेंद्र बाहेर बांबू बांधणाऱ्यांना दोरी देत होता. त्याने ऐकले आणि मान हलवली. "टोमणा होता तो. परिवार म्हणे! म्हणजे तू पाहुणी झाली, असं म्हणून राहिले होते." थोड्या वेळाने तो पुन्हा जवळ आला. "मले कधी म्हणले नाई तसं," तो म्हणाला. त्याला याचे वाईट वाटत होते की बरे, तेही मला ओळखता आले नाही.

रघुनाथराव बाबांचे जुने मित्र. बाबा गावात नसले की घाटावर तेच बोलत. मी त्यांनाही विचारले.

"सवय, बाई. चहा पेला का चहावाल्यालेही म्हणे, परिवार ऋणी आहे. तो पोट्टा हसे." ते डोळे पुसत हसले. मग म्हणाले, "आज मलेच बोला लागते. एक शब्द दे वं. तुह्याच शब्दावर चाले त्याचं सगळं."

मी विचार केला. मनमिळाऊ म्हणावे, तर तो शब्द गेल्या उन्हाळ्यात पोस्टातल्या बाबूंना देऊन झाला होता. हरहुन्नरी, निगर्वी, परोपकारी, सगळे कुणा ना कुणाच्या चितेसमोर बोलले गेले होते. मी बाबांकडे पाहिले. कुणीतरी त्यांच्या कपाळाला गुलाल लावला होता आणि तो भुवईत उतरला होता.

"मला सुचत नाही, काका," मी म्हणाले.

तिरडी उचलली तेव्हा मीही निघाले. मोठ्या काकूंनी दंड धरला. "पोरीबाळी कायले घाटावर?"

आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "शब्द इनं द्याव अन् आइकाव दुसऱ्यायनं? जाऊ द्या तिले."

गजेंद्रने अग्नी दिला. लोक शेडखाली बसले, मी एका खांबाशी उभी राहिले. रघुनाथराव पुढे आले. बोलताना ते बाबांसारखी छाती काढत होते, पण आवाज चढत नव्हता. मग संत्रा बागायतदारांपैकी एक जण बोलला. मग एक पुढारी हिंदीत बोलले, त्यांनी बाबांचे नाव एकदा चुकून भगवानराव असे घेतले. 'मनमिळाऊ' आला. 'निगर्वी' आला. 'स्पष्टवक्ते' आला तेव्हा मी दचकले, तो कालचाच होता. बाबांनी तो संध्याकाळी इथेच, याच शेडखाली वापरला असणार आणि कुणाच्या तरी लक्षात राहिला असणार. मी अंगणात दिलेले शब्द एकेक करून परत येत होते, आणि मला ओळखीचा माणूस त्यात सापडत नव्हता. संत्र्याची साल एका तुकड्यात काढणारा, आईला चिडवणारा, 'जीभ भाजन माही' म्हणणारा. त्या माणसाबद्दल इथल्या आवाजात बोलताच येत नव्हते. मग त्यानेच मला शेवटचे वाक्य इथल्या आवाजात का सांगावे?

रघुनाथराव आभार मानायला पुन्हा उभे राहिले. "आपण वेळात वेळ काढून," ते म्हणाले आणि थांबले. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. त्यांनी मान खाली घातली.

लोकांना वाटले, मौन सुरू झाले. पुढचे लोक उठले, त्यांना पाहून मागचे उठले. शेडखालची सगळी माणसे माना खाली घालून उभी राहिली.

दोन मिनिटे झाली असावीत. नंतर आणखी काही वेळ गेला. लाकडे तडतडत होती. मौन संपले हे सांगायचे काम बाबांचे असे. ते घड्याळ पाहत आणि 'ओम शांती' म्हणत, मग लोक हलत. आता कुणीच ते म्हणत नव्हते. एकाने डोळा किलकिला करून शेजाऱ्याकडे पाहिले. कुणी तरी खोकला दाबला. पुढारी घड्याळाकडे बघत होते, पण पहिले हलायचे कुणी? रघुनाथराव तसेच, रुमाल तोंडाशी धरून. आई इथे असती तर म्हणाली असती, आता भेटली का शांतता.

मला हसू आले. ते रडण्याकडे वळू लागले, तेव्हा मी खांब सोडला आणि रघुनाथरावांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. माना वर झाल्या. काय बोलायचे हे मी ठरवले नव्हते. हात आपोआप जोडले गेले.

"आपण वेळात वेळ काढून आलात," मी म्हणाले. "परिवार आपला ऋणी आहे. ओम शांती."

माझा आवाज कापला नाही. सकाळपासून साधे 'पाणी द्या' म्हणताना तो फाटत होता. हे वाक्य मात्र एखाद्या कठड्याला धरून चालावे तसे सरळ पार पडले. मी मनापासून बोलले होते की नुसती रीत पाळली होती? मी स्वतः ते वाक्य म्हटले होते, आणि मलाच सांगता येत नव्हते.

लोक सुटल्यासारखे नळाकडे गेले. हातपाय धुण्याचे आवाज, चपलांचे आवाज, कुणी तरी संत्र्याचा भाव विचारला. गजेंद्र म्हणाला, "चाल, उर्वशी."

"हो, येते," मी म्हणाले, आणि चितेकडे वळले.

धग तोंडावर येत होती. बाबा म्हणाले होते तशीच. इथे जड शब्द खरेच चालले नसते. मी जन्मभर ज्या भाषेत त्यांना उत्तर दिले, ती भाषा तोंडात आली आणि तिथेच राहिली. मग त्यांची आली. ती मी त्यांच्यापुढे, मोठी झाल्यापासून कधी बोलले नव्हते, कारण त्यांना ती माझ्याकडून नको होती.

"बाबा," मी मोठ्याने म्हणाले. नळाशी असलेले दोघेतिघे वळून बघू लागले. "काल तुमी काय म्हणून राहिले होते, मले समजलं नाई. अजूनही समजून नाई राहिलं. पन मले तुमच्यासंग बोलाले लय आवडे, बाबा. लय आवडे."