पाहुणीसमोरचं काम

आत्या तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणायची, आणि पदवी अजून पदरात पडलेली नाही हेही चारचौघांत मुद्दाम सांगायची. "आमची डॉक्टरीण साधी सुई टोचत नाही हो! लोक कामावर कसे शिकतात, ते खुर्चीत बसून बघते."

त्यात खोटं काहीच नव्हतं. विद्यापीठातली मुलं शेवटचं सत्र वर्गाबाहेर, खऱ्या कामाच्या जागी काढायची. तिथे ती नेमकं काय शिकतात, हा तिच्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी तिने निवडली होती कृत्रिम पाय बनवणारी एक कार्यशाळा, आणि तीन वर्षं तिथे जाऊन तिने डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं. निष्कर्ष काय, तर मुलं काही शिकत नाहीत. ही पाहायला गेली की तिथले मोठे मिस्त्री स्वतः मापं घेणार, स्वतः प्लास्टर ओतणार, स्वतः घासणार, आणि मुलं बाजूला हाताची घडी, तोंडावर बोट. चष्मेवाली म्हणून एक विद्यार्थिनी होती, ती तर फडकं घेऊन टेबल पुसण्यापलीकडे काही करताना दिसलीच नाही.

सोमवारी विद्यापरिषद बसणार होती. हे सत्र ठेवायचं की कायमचं बंद करायचं, एवढाच विषय, आणि हाताशी पुरावा एकच, तिचा. सत्र बंद झालं की प्रबंधाचं सोनं होणार, असं तिच्या मार्गदर्शक बाई उघडच म्हणत होत्या. तिलाही ते ऐकून बरं वाटायचं. का वाटू नये?

तेवढ्यात गुरुवारी आत्याचा पाय बिनसला. गुडघ्याखालचा पाय साखरेने नेला होता, आणि लावलेला पाय आता चावायला लागला होता. फोड आला होता. "तुझी ती कार्यशाळा आहे ना? ने मला. का तिथेही नुसतं बघायचंच?" आत्या म्हणाली.

आता विद्यापीठाचा एक नियम असा, की संशोधकाने कामाच्या जागी दोन दिवस आधी कळवल्याशिवाय जायचं नाही आणि गळ्यात ओळखपत्र हवंच. तीन वर्षांत तिने हा नियम एकदाही मोडला नव्हता. पण आज ती भाची म्हणून निघाली होती. कळवायचं काय त्यात? आत्याची चाकांची खुर्ची ढकलत ती रुग्णांच्या दाराने आत शिरली आणि जागच्या जागी थिजली.

चष्मेवाली गुडघ्यावर बसून एका म्हाताऱ्याच्या पायावर ओल्या प्लास्टरची पट्टी गुंडाळत होती. कोपरापर्यंत पांढरी. पलीकडे दोघं विद्यार्थी साचा कुठे खरवडायचा आणि कुठे भर घालायची यावरून तावातावाने भांडत होते. आणि मोठे मिस्त्री? दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून येरझारा घालत होते. "घट्ट झालं. सोड. पुन्हा गुंडाळ," एवढंच म्हणाले. हात काही पुढे केला नाही.

मग त्यांची नजर दाराकडे गेली. "अरे बापरे! मॅडम, तुम्ही? आज?" असं म्हणत त्यांनी चष्मेवालीच्या हातातली पट्टी हिसकावलीच. ती पोरगी निमूट उठली आणि फडकं शोधायला लागली.

"मिस्त्री," ती म्हणाली, "मी आले की तुम्ही हे असं करता?"

मिस्त्री कानकोंडे झाले. "तुम्ही सगळं टिपून नेता ना, मॅडम. पोरं चुकतात. चुकल्याशिवाय हात बसतो होय? पण तुमच्या कागदावर चूक गेली आणि पोरांचे गुण कापले, तर? म्हणून तुमच्यापुरतं मीच करतो."

"धन्य आहे!" आत्या कडाडली. "ही नियमाने वर्दी देऊन येते, तुम्ही पोरांना झाकून ठेवता, आणि दोघं मिळून त्यांच्याच पोटावर पाय देता! अहो, हिच्या कागदावरून सोमवारी हे सत्र बंद होतंय!"

मिस्त्रींच्या हातातली पट्टी तशीच राहिली आणि वाळली. त्यांना हे ठाऊकच नव्हतं. चष्मेवाली फडकं शोधायचं सोडून म्हणाली, "मग आमच्या मागून येणारी मुलं हे शिकणार कुठे?"

आत्याचा पाय दुरुस्त झाला, पण त्यानंतरचे दिवस भाचीला काट्यावरून चालल्यासारखे गेले. गप्प बसलं तर पदवी हातात. बोललं तर तीन वर्षं स्वतःच्या तोंडाने मातीत घालायची. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "एका दिवसाच्या पाहण्यावर इतकं मोठं काम उधळतेस?" तिला रडू आलं. रागही आला, आणि तो सगळा स्वतःचाच.

सोमवारी ती उभी राहिली आणि सगळं सांगून मोकळी झाली. अध्यक्षांनी भुवया चढवल्या. "म्हणजे तुमची तीन वर्षं पाण्यात गेली?"

"नाही सर. घरी पाहुणे आले की चांगल्या कपबशा आपण पोरांच्या हाती देत नाही. मी तीन वर्षं तेच पाहिलं, आणि पाहिलं ते खरंच होतं. पण त्यावरून पोरांना कप धरता येत नाही असं मी लिहिलं, ती माझी चूक. मला एक वर्ष द्या. मी पाहुणी म्हणून जाणार नाही. शिकाऊ म्हणून जाईन, चुकेन, आणि इतरांचं चुकणंही तेव्हाच दिसेल."

बरीच कुजबुज झाली. शेवटी सत्र वर्षभर चालू ठेवायचं ठरलं आणि तिची पदवी वर्षभर लांबली. बाहेर आल्यावर मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "जुने कपडे घालून जा. प्लास्टर निघत नाही."

पहिल्या दिवशी चष्मेवालीने सरावासाठी स्वतःचाच पाय पुढे केला. "करा ताई. चुकलात की ओरडेन." आणि ओरडलीही, अगदी मनापासून. पट्टी कधी सैल झाली, कधी ताईंच्याच बोटांना चिकटून वाळली. पोरं खो खो हसली. मिस्त्री हात पाठीमागे धरून उभेच. "पुन्हा," ते म्हणायचे. ती पुन्हा करायची.

संध्याकाळी कसाबसा एक साचा धड निघाला. मिस्त्रींनी तो उजेडात फिरवला, आत अंगठा घालून चाचपला आणि तिच्या हातात ठेवला.

"वाईट आहे," ते म्हणाले. "पण पाय आहे."

तीन वर्षांत तिच्या कामाबद्दल कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं.