पुसलेला धूर

आईचे साहेब घरी आले तेव्हा मी टेबलावर अभ्यास करत होते. उठले नाही. उठणारही नव्हते.

"केवढी मोठी झाली ही," साहेब म्हणाले. मी गुडघ्याएवढी होते तेव्हापासून ते हेच म्हणतात.

प्रकरण असं होतं. समुद्राच्या तळाखाली खडकांचा एक घुमट आहे, त्यात गॅस भरलेला असणार, असं साहेबांचं म्हणणं. आई भूवैज्ञानिक. ती म्हणत होती, गॅस होता, आता नसेल. घुमटावर चिकणमातीच्या खडकाचं घट्ट झाकण आहे खरं, पण घुमट भरल्यावर केव्हातरी तिथलं भूकवच पुन्हा दाबलं गेलं, जुनी भेग उघडली आणि झाकण फाटलं. सर्वेक्षणाच्या चित्रात घुमटावर धुरासारखा धूसर पट्टा होता. तीच गॅस निसटल्याची खूण. साहेबांना तो नुसता डाग वाटला. त्यांनी संगणकवाल्यांकडून चित्र स्वच्छ करून घेतलं आणि झाकण कसं अखंड दिसायला लागलं. म्हणजे ताप आला की थर्मामीटरवरचे आकडे खोडायचे. मग विहीर खणली. खाली निघालं खारं पाणी आणि खडकावर तेलाचा ओशटपणा, म्हणजे निसटून गेलेल्या साठ्याचा नुसता माग.

आता साहेब आमचाच चहा पीत सांगत होते, "उद्याच्या बैठकीत एवढंच म्हणा, की चित्र साफ करायचं तुम्हीच सुचवलं होतं. तुमचं काय, चार दिवसांत विसरतील लोक."

"आणि नाही म्हटलं तर?" आईनं विचारलं.

"खडकांच्या गोदामात जागा रिकामी आहे."

गोदाम म्हणजे शहराबाहेरची पत्र्याची शेड. नमुन्यांच्या पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. तिथे गेलेलं माणूस परत नकाशापुढे बसत नाही.

आई चमच्याशी चाळा करत राहिली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पंखा चालू राहिला तर मला अर्धा तास सुनावणारी ही बाई इथे मूग गिळून बसते?

"काका, चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच," मी म्हणाले. "आईनं तुम्हाला आधीच..."

"तू गप्प बस." हे आई म्हणाली. साहेबांना नाही, मला.

साहेब हसले. "शिस्त हवीच मुलांना."

"शिस्तीसाठी नाही," आई म्हणाली. "भांडण माझं आहे, म्हणून. जुनं चित्र मी ठेवलंय. उद्या दोन्ही शेजारी शेजारी लावते."

"गोदामाला खिडकीसुद्धा नाही, बाई."

"माहीत आहे."

चहा अर्धा टाकून साहेब गेले.

आईनं खरंच दोन्ही चित्रं लावली. त्याच घुमटावरची दुसरी विहीर रद्द झाली. आठवड्याभरात आईची बदलीही झाली. आता ती संध्याकाळी केसांत खडकाची धूळ घेऊन येते.

काल शेजारच्या काकू म्हणाल्या, "शेवटी सत्याचाच विजय झाला गं."

"हो का? मग साहेब अजून त्याच खुर्चीत कसे?" मी विचारलं.

काकूंना एकदम गॅसवरचं दूध आठवलं.