काठावर पास

मोठ्या बाई खुर्चीच्या हातांना न शिवता उठल्या, खोलीत दोन फेऱ्या मारून आल्या आणि पुन्हा बसल्या. समोरच्या पाहणीवालीने मांडीवरच्या टॅबवर खूण केली. त्या एका खुणेपायी पुढचे दोन दिवस अंथरुणात जाणार, हे बाईंना ठाऊक होतं आणि दारात उभ्या असलेल्या सुनेलाही. पण बाईंनी तीस वर्षं शाळा चालवली होती. आयुष्यात एकही परीक्षा त्यांना वाईट गेलेली नव्हती, आणि सत्त्याहत्तराव्या वर्षी सुरुवात करण्याचा त्यांचा विचार नव्हता.

खुबा मोडल्यापासून बाईंना सेवा खात्याकडून रोज चार तासांची मदतनीस मिळत असे. त्या चार तासांत सून दवाखान्यात औषधं देण्याची नोकरी करून यायची. पूर्वी हे तास तीन माणसांची समिती ठरवायची, आणि तिला पाझर फुटायला सहा महिने लागत. आता संगणकाची यंत्रणा ठरवत होती. हिला पाझर फुटत नसे, पण ते सहा सेकंदांत कळायचं. पंचवीस प्रश्न, प्रत्येकी चार गुण.

बाईंना ब्याण्णव पडले. शेरा होता : स्वावलंबी. मदतनिसाचे तास : शून्य.

बाईंनी निकालाचा कागद छापून मागितला. सुनेने तो छापून आणून दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. पाहणी लागल्यापासून मदतनीस बंद होती. त्यासाठी घेतलेली तिची रजा संपली होती, आणि महिनाअखेरीस काय ते कळवा, असं दवाखान्याने सांगितलं होतं.

खात्यातला अधिकारी फोनवर फार गोड बोलला. निर्णय यंत्रणेचा असतो, आपलं काम फक्त तो समजावून सांगणं, असं त्याने सांगितलं. मग समजावून सांगा, असं सून म्हणाली, तेव्हा तो तिच्याइतकाच अंधारात असल्याचं निघालं. फेरपाहणी मात्र मागता येत होती.

मग सुनेने मोठ्या बाईंची नापास होण्याची शिकवणी सुरू केली.

"खोटं काही करायचं नाही, आई. कोणी आलेलं नसताना जशा असता, तशा राहायचं."

"म्हणजे अजागळ."

"म्हणजे खऱ्या."

दुसऱ्या पाहणीला एक अनोळखी गृहस्थ आला. त्याच्यादेखत बाईंनी सुनेला हाक मारली आणि मला मोरीत घेऊन चल, असं सांगितलं. यात नाटक नव्हतं. तो गेल्यावर बाई दिवेलागणीपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. छत्तीस पडले.

एखाद्या माणसाने ब्याण्णव आणि छत्तीस हे आकडे शेजारी ठेवून पाहिले असते, तर तो हसला असता, निदान फोन तरी केला असता. यंत्रणेने त्यांच्यामधून रेघ ओढली. तीन आठवड्यांत एवढी उतरलेली रेघ कुठे जाते, हे तिला पाठ होतं. शेरा आला : झपाट्याने ऱ्हास. निवासी केंद्रात खाट राखून ठेवली आहे, पुढच्या सोमवारी गाडी येईल. आगीतून निघून दोघी फुफाट्यात पडल्या होत्या. आता एकच पाहणी बाकी होती, आणि तिचा निकाल शेवटचा.

ओळखीपाळखीच्या घरांतून चौकशी करून सुनेने अंदाज काढला : पन्नासच्या खाली गेलं की केंद्र, साठच्या वर गेलं की काही नाही, मधल्यांना चार तास. बाईंनी पाठकोऱ्या कागदावर पंचवीस प्रश्न मांडले आणि चष्मा लावून स्वतःला तपासलं. केस विंचरता येतात, अंबाडा घालता येत नाही. चहा करता येतो, उतरवता येत नाही. एकही उत्तर न फिरवता तेरा बरोबर आले. बावन्न. काठावर पास होणाऱ्या पोरांना बाईंनी जन्मभर नावं ठेवली होती. त्यात किती नेमकं काम असतं, ते आत्ता कळत होतं.

शनिवारी पहिलीच पाहणीवाली आली. सगळं कागदाबरहुकूम झालं. ऐकण्याच्या प्रश्नाला ती पाठीमागे जाऊन एक शब्द कुजबुजली. बाईंनी तो परत म्हटला आणि तिचा उच्चारही सुधारून दिला. पंचवीस संपले. बाईंनी शालीखाली बोटं मोजली. तेरा.

"एक नवीन घातलाय," पाहणीवाली सुनेकडे वळून म्हणाली. "याला गुण नाहीत. यांनी घरीच राहावं असं तुम्हाला वाटतं का?"

सुनेच्या हातात फडकं होतं. तिने त्याची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली. दोन दिवसांपूर्वी ती एकटीच जाऊन ते केंद्र बघून आली होती. खिडक्या मोठ्या होत्या. हे ती घरी बोलली नव्हती. बाईंनीही, उशीर का झाला, असं विचारलं नव्हतं.

"हो," सून म्हणाली. "वाटतं ना."

टॅबच्या कोपऱ्यात अकराचा आकडा थांबला. बाईंनी तो काय आहे, असं विचारलं. उत्तराला लागलेले सेकंद, पाहणीवाली ओशाळून म्हणाली. ते आपोआप नोंदलं जातं, मला खोडता येत नाही. अडखळून दिलेला 'हो' यंत्रणा कच्चा धरते म्हणे. सून फडक्याकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

"मला प्रश्न ऐकू आला नव्हता," बाई म्हणाल्या. "तो मला परत सांगण्यात तिचा वेळ गेला. तसं लिहा."

"तसं लिहिलं तर ऐकण्याचं उत्तर बदलावं लागेल, आजी. दोन्ही जुळत नाहीत."

"बदला मग."

"पण मघाशी तर तुम्ही—"

"मघाशी अंदाजाने सांगितलं होतं. बदला."

पाहणीवालीने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग तिने मागे जाऊन एक खूण काढली, शेजारच्या चौकटीत केली आणि टॅब मिटला.

ती जिना उतरून गेली. मग सून खुर्चीजवळ येऊन जमिनीवर बसली.

"आई," ती हळूच म्हणाली, "बारा झाले. अठ्ठेचाळीस."

मोठ्या बाईंनी कानामागे हात धरला.

"काय म्हणालीस?"