गाडीत माणसं किती?

माझी बायको आर्डिस गेल्यावर पहिल्याच वसंतात मी मुलीला, सिग्रिडला, घेऊन डुलूथला गाडीमागे ओढायचा, आत झोपता येणारा ट्रेलर बघायला गेलो. दर उन्हाळ्यात सरोवराकाठी तंबूत झोपून आम्हा नवरा-बायकोच्या पाठी धरायच्या, म्हणून हलका ट्रेलर घ्यायचं आर्डिसनंच ठरवलं होतं.

माझी एसयूव्ही फार मोठी नाही, त्यामुळे ती किती भार ओढेल हे बघायला विक्रेता ड्वेन वजनांची बेरीज करत होता. "पाणी, गॅस, भांडी धरली. गाडीत माणसं किती?"

"दोन," मी म्हणालो.

"मग हा छोटाच घ्या. मोठा झेपायचा नाही."

"बाबा," सिग्रिड हळूच म्हणाली, "आता तू एकटाच ना?"

ड्वेननं पुन्हा बेरीज केली. "एकटेच असाल तर मोठाही ओढेल की!"

मोठ्यात न्हाणीघर होतं, ऐसपैस पलंग होता. पण ती नाही म्हणून मिळणारी जागा मला नको होती.

"छोटाच द्या. दोघांचंच वजन धरा."

सिग्रिडनं डोळे पुसले. "मग पहिल्या फेरीला मी येते. पण तू घोरतोस, आई सांगायची."

"ये. आई तुझ्याहून हलकी होती, तेव्हा बॅग लहान आण."