शिंपल्यांची शीग

प्रयोगशाळेच्या पत्रात चारच ओळी होत्या. त्यांच्या हिशेबाने, मेडशीजवळ बारा हात खोल खणून मी काढलेल्या शिंपल्यांना मरायला अजून दोन हजार सातशे वर्षे होती.

जीव मेला की त्याच्यातला किरणोत्सारी कार्बन ठरावीक गतीने घटत जातो. जितका कमी उरला, तितका शिंपला जुना. माझ्या शिंपल्यांत तो १९५० सालच्या हवेपेक्षाही चाळीस टक्के जास्त निघाला होता. अणुबाँबच्या चाचण्यांमुळे हवेत हा कार्बन एवढा वाढला तो गेल्या दहा-पंधरा वर्षांत. म्हणजे माझे प्राचीन शिंपले परवा-परवापर्यंत रांगत होते. पत्राखाली माझ्या मार्गदर्शक सरांनी पेन्सिलीने लिहिले होते, ‘हे माझ्या धाकट्या मुलीहून लहान आहेत. ती तिसरीत आहे. खुलासा करावा.’

प्रयोगशाळेत आमच्या विभागाचा वर्षाला एकच नंबर लागायचा. सरांच्या रदबदलीने दुसरा मिळाला, पण एकतीस डिसेंबरच्या आत नवा नमुना पाठवण्याच्या अटीवर. नाही जमले तर माझा एम.एस्सी.चा विषय बदलणार होता. नवा विषय सरांनी ठरवूनही ठेवला होता : महाविद्यालयाच्या विहिरीच्या पाण्याचा जडपणा.

हे शिंपले मिळाले होते त्याच वर्षीच्या, त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात. मेडशीच्या शिवारात दुष्काळी कामावर पाझर तलाव खोदत होते. काळ्या मातीखाली पांढुरका थर लागला आणि त्यात बोराच्या बीएवढ्या गोगलगायींचे शंख; कामावर सगळे त्यांना शिंपले म्हणत, म्हणून मीही. कामावरचे मुकादम उकंडराव यांच्या घरी मी महिनाभर राहिले. इथे हजारो वर्षांपूर्वी तळे असावे, असे मी त्यांना सांगितले. त्यांना समुद्र हवा होता. समुद्रात अशा गोगलगायी नसतात, हे मी तीन वेळा समजावले. शेवटी त्यांनी तडजोड केली आणि समुद्र लहान असतानाचे ते तळे असेल, असे मजुरांना सांगून टाकले.

त्यांच्या बायकोने, भागिरथाबाईंनी, या वादात भाग घेतला नाही. त्यांच्या दृष्टीने ते माझे पीक होते. मी तलावावरून परतले की त्या विचारायच्या, “किती पिकलं आज?” महिनाअखेर बावन्न ग्रॅम पिकले. प्रयोगशाळेने पन्नास मागितले होते. शिंपले कापडी पिशवीत शिवून डब्यात घालायचे होते. माझी शिवण पाहून भागिरथाबाईंनी सुई काढून घेतली, आणि मी डब्यावर लावायची लाख आणायला मेडशीच्या पोस्टात गेले. परत आले तेव्हा पिशवी शिवून तयार होती. शिवल्यावर मी तिचे वजन केले नाही. ही चूक माझी.

पत्र हाती पडले तेव्हा डिसेंबर लागला होता. मी अकोल्याहून एसटीने मेडशी गाठली. वाटेत प्रश्न लिहून काढले : पिशवी कोणी हाताळली, कुठे ठेवली, किती वेळ. पण ते विचारण्याआधी तलाव दिसला. पाऊस चांगला झाला होता. तलाव काठोकाठ भरला होता, त्यात म्हशी डुंबत होत्या आणि माझा थर त्यांच्या खाली कुठेतरी होता. उकंडराव काठावरच भेटले. त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला होता.

“पाय, तुहा समुद्र वापस आला,” ते तलावाकडे बोट दाखवून म्हणाले.

घरी भागिरथाबाईंनी चहा टाकला आणि शिंपले पोचले का, ते विचारले. मी पत्र सोपे करून सांगितले. प्रयोगशाळेने सगळ्यांत स्वच्छ, अखंड आणि चकचकीत शिंपले निवडून तपासले, बाकीचा भुगा टाकून दिला, आणि ते शिंपले अगदी ताजे निघाले. त्या खूश झाल्या.

“बरे निवडले मंग त्याईनं. माहेच निवडले.”

“मावशी, तुमचे कोणते?”

त्यांनी सांगितले, आणि त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटत नव्हते. माझे शिंपले त्यांनी कोळव्याने मोजून पाहिले होते. कोळवे म्हणजे त्यांच्या घरातले धान्य मोजायचे सगळ्यात लहान माप. ते काठापर्यंतही भरले नाही. परमुलखात पोरीचे पीक अपुरे कसे पाठवायचे? मग त्या ओढ्यावर गेल्या, तिथले शिंपले वेचले, राखेने घासून लख्ख केले आणि कोळव्यावर शीग चढेपर्यंत भर घातली.

“सासरी जावो का सरकारी जावो,” त्या म्हणाल्या, “ह्या घरातून शीग नाही असं माप कदी गेलं नाही.”

मी चिडले नाही असे लिहिले तर ते खरे होणार नाही. शास्त्रात अपुरे माप चालते, भेसळ चालत नाही, असे मी बोलून गेले. मग एकतीस तारीख, हातचा जाणारा विषय आणि विहिरीचे पाणी, सगळे सांगितले. भेसळ हा शब्द त्यांना लागला. त्या चुलीकडे तोंड करून बसल्या. उकंडरावांनी म्हशीला पाणी दाखवायचे निमित्त काढले, जरी म्हैस तलावातच होती.

चहा उतू गेला. तो पुसता पुसता भागिरथाबाई म्हणाल्या, “मंग मांगची मूठ घेऊन जाय.”

“कसली मूठ?”

माझ्या अज्ञानाची त्यांना कीव आली. घरातून कोणतेही पीक बाहेर जाते तेव्हा आधी एक मूठ मागे काढून ठेवतात, नाहीतर कणगीची बरकत जाते. हे त्यांच्या मते एम.एस्सी.ला शिकवायला हवे होते. “आन् मूठ आंधीच काढली व माय. भर मंग घातली. भर घातल्यावर काढली त मूठ आपली कायची?”

कणगीत त्यांनी खांद्यापर्यंत हात घातला. कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळलेली पुरचुंडी निघाली. मी एकेक शिंपला भिंगाखाली धरला. मळकट, पांढुरक्या मातीने भरलेले, एकही चकचकीत नाही. ज्वारीचे एकोणीस दाणे वेगळे केल्यावर वजन तेवीस ग्रॅम भरले. पन्नास मागितले, तरी कमीत कमी वीसवर प्रयोगशाळेचे भागत होते.

या वेळी पिशवी मी शिवली. भागिरथाबाई कोळवे घेऊन शेजारी बसल्या होत्या. त्यांनी शिवणीला नावे ठेवली, पण शेवटचा टाका पडेपर्यंत मी पिशवीवरचा हात काढला नाही. मेडशीच्या पोस्टातही मी ती स्वतः नेली, आणि तिथे तराजूवर पुन्हा वजन केले.

उत्तर मे महिन्यात आले : एकतीस हजार चारशे वर्षे, अधिक-वजा नऊशे. विहिरीचे पाणी दुसऱ्या कोणाच्या तरी नशिबी गेले. मी पेढे घेऊन मेडशीला गेले. उकंडरावांनी समुद्र सिद्ध झाल्याचे पारावर जाहीर केले आणि मी या वेळी दुरुस्ती केली नाही. भागिरथाबाईंनी आकडा दोनदा म्हणवून घेतला. मग अधिक-वजा म्हणजे काय, ते विचारले.

खरे वय नऊशे वर्षांपर्यंत जास्त असेल किंवा कमी असेल, असे मी सांगितले.

“म्हंजे वर शीग हाये का माप बसलं हाये, हे त्याईलेच ठाऊक नाही?”

“नाही.”

त्यांनी हातातला पेढा खाली ठेवला.

“शिंपल्याईसंगं कोळवं बी पाठवाले पायजे होतं,” त्या म्हणाल्या.